टर्बो गाडीचं इंजिन वेळेआधी झिजतंय? खोलायला देण्याआधी हे वाचा

साठ-सत्तर हजार किलोमीटरलाच गाडी निळा धूर सोडायला लागली, चढाला पिकअप गेला किंवा सकाळच्या पहिल्या स्टार्टला चेन खडखडायला लागली, की साताऱ्यात पोवई नाक्यापासून एमआयडीसीपर्यंत बहुतेक गॅरेजांत एकच वाक्य ऐकू येतं: "टर्बो गेलाय, बदलून टाकू." हे खोटं नसतं, पण अर्धवट असतं. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) आपणहून क्वचितच जातो. ऑइल कमी पडतं, ऑइल घाण असतं, धूळ आत जाते किंवा इंजिनमधलाच एखादा तुकडा येऊन आदळतो. टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि बेअरिंग यांचंही असंच. कारण शोधलं नाही तर नवा भागही त्याच वाटेने जातो. शिवाय पैसे तुम्ही भरायचे, वॉरंटीने की कंपनीने, हेसुद्धा कारणावरच ठरतं.

माझ्या डिझेल गाडीच्या निमित्ताने कंपनीचं सर्व्हिस सेंटर, बाहेरचा फिटर, ऑइल तपासणारी प्रयोगशाळा आणि ग्राहक हेल्पलाइन अशी सगळी वारी झाली. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्याला कुठल्या क्रमाने काय करावं लागतं, ते खाली लिहिलंय.

१. आधी गाडी थांबवा

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेरे फिरतो, छोट्या टर्बोत दोन लाखांच्याही वर. त्याला बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंग नसतं. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी धातूला धातू घासतो. म्हणून ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला की "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" हा विचार सोडा. बाजूला घ्या आणि बंद करा.

कुठल्या लक्षणाला काय समजायचं, ते असं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर आणि मेलेला पिकअप म्हणजे हवा कमी पडतेय. कारण टर्बो असू शकतो, पण नुसता फाटलेला इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होजसुद्धा असू शकतो, आणि तो होज टर्बोच्या मानाने फुकटात मिळतो. अॅक्सिलरेटर दिला की सायरनसारखा चढता आवाज येत असेल तर टर्बोची पाती घराला (बाहेरच्या कवचाला) घासत असावीत किंवा हवा कुठूनतरी गळत असावी. थंड इंजिनला स्टार्ट करताना दोन-चार सेकंद खडखड येऊन थांबत असेल तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बघायचा.

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. तेव्हा रेस आपोआप वाढते, मागे धुराचा लोट निघतो आणि चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून द्या, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल तर गाडी बाजूला घ्या, सगळ्यांना उतरवा आणि लांब उभे राहा. बॉनेट उघडून आत हात घालायला जाऊ नका. पुण्याहून येताना खंबाटकी चढत असताना असं झालं तर मागून येणाऱ्याला तुमच्या धुरात काहीच दिसत नाही, तेव्हा हॅझर्ड दिवे आधी लावा.

गाडी हलवायची असेल तर फ्लॅटबेडवर हलवा. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सलाच फोन करा, कारण त्या फोनची नोंद पुढे कामाला येते.

२. काहीही खोलण्याआधी पुरावा गोळा करा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गाडी सर्व्हिस सेंटरला गेली की पहिल्या तासात दोन गोष्टी होतात: जुनं ऑइल काढून टाकलं जातं आणि स्कॅनर लावून कोड पुसले जातात. दोन्ही गेल्यावर तुमच्याकडे सांगायला फक्त तोंड उरतं.

लागणारं साहित्य फार नाही. मोबाइल, टॉर्च, पांढरा कागद, एक स्वच्छ कोरडी झाकणाची बाटली आणि ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र). स्कॅनर नसेल तर ओळखीच्या फिटरकडे असतोच.

डिपस्टिक: गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी. पातळीचा फोटो काढा, सोबत मीटरवरच्या किलोमीटरचाही. पातळी मिनिममच्या खाली असेल तर ऑइल जळतंय किंवा गळतंय. मॅक्सिममच्या वर असेल तर खूश होऊ नका. बीएस-६ डिझेलमध्ये याचा अर्थ बहुधा ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय. त्याबद्दल पुढे.

व्हिडिओ: रात्रभर उभ्या गाडीचा पहिला स्टार्ट, बॉनेट उघडं ठेवून. दुसरा व्हिडिओ सायलेन्सरचा. एकाच शॉटमध्ये नंबर प्लेट आणि धूर दोन्ही दिसू द्या.

कोड: स्कॅनरवर जे येतील त्यांचा स्क्रीनशॉट घ्या आणि ते पुसू नका. पी०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी पडतंय, पी०२३४ म्हणजे जास्त होतंय. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. चेन ताणली गेल्याचा संशय येतो तो याच कोडवरून. कोड हा निकाल नसतो, कुठे बघायचं एवढंच तो सांगतो.

ऑइलचा नमुना: माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित पुरावा हाच. इंजिन गरम असताना ड्रेन बोल्ट काढून सुरुवातीची धार जाऊ द्या आणि मधल्या धारेतून शंभरेक मिली बाटलीत घ्या. बाटलीवर तारीख, गाडी नंबर, एकूण किलोमीटर, ऑइलचं नाव आणि त्या ऑइलवर किती किलोमीटर झाले हे लिहा. पुण्यात ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली निवडा, म्हणजे अहवालाला कागदोपत्री वजन राहतं. दोन बाटल्या भरून एक घरी ठेवली तर उत्तम.

अहवाल वाचायला इंजिनिअर लागत नाही. लोह जास्त म्हणजे लायनर (सिलिंडरची आतली भिंत), कॅम किंवा चेन झिजतेय. शिसं, तांबं आणि कथील वाढलं म्हणजे बेअरिंग. अॅल्युमिनियम म्हणजे पिस्टनकडे बघा. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ, पण इंजिन नुकतंच उघडून सीलंट लावला असेल तर तोही सिलिकॉन दाखवतो. सोडियम-पोटॅशियम चढलं तर कूलंट आत येतंय. सोबत ऑइलचा घट्टपणा आणि त्यातलं इंधनाचं प्रमाण मागून घ्या.

३. कागदपत्रांची फाइल

- आरसी, गाडीचं मूळ बिल, वॉरंटी आणि एक्स्टेंडेड वॉरंटीची पुस्तिका (अटींच्या बारीक अक्षरासकट)
- आजवरच्या सगळ्या सर्व्हिसची बिलं आणि जॉब कार्ड. हरवली असतील तर सर्व्हिस सेंटरच्या सिस्टिममधून सर्व्हिस हिस्ट्रीची प्रिंट मागा
- बाहेर ऑइल बदललं असेल तर ऑइलच्या डब्याचं बिल आणि डब्याचा फोटो
- जुनी पीयूसी प्रमाणपत्रं. डिझेल गाडीच्या पीयूसीवर धुराचा आकडा असतो आणि दर वेळी तो चढत गेला असेल तर ती झिजेची तारीखवार नोंदच आहे. (मशीन खरंच लावलं असेल तर, हे वेगळं सांगायला नको.)
- मालकाचं मॅन्युअल. ऑइलचा ग्रेड आणि स्पेसिफिकेशन त्यात छापलेलं असतं आणि पुढचा निम्मा वाद त्या एका पानावर होतो

४. कारण शोधा

फिटरला "काय गेलंय?" असं विचारलं तर तो भागाचं नाव सांगेल. "कशामुळे गेलंय?" असं विचारा आणि काढलेला भाग हातात घेऊन दाखवायला सांगा. टर्बो उघडल्यावर साध्या डोळ्यांनाही बरंच दिसतं. पात्यांच्या पुढच्या कडा सगळीकडे सारख्या घासून गोल झाल्या असतील तर धूळ. एखादंच पातं चावल्यासारखं तुटलं असेल तर बाहेरचा तुकडा. शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर ऑइल पोहोचलं नाही. बेअरिंगवर गोल ओरखडे असतील तर ऑइलमध्ये कचरा होता. आत कोळशासारखा थर असेल तर ऑइल जळून घट्ट झालंय.

शाफ्ट हातात धरून आडवा हलवला की थोडा हलणारच. ऑइल नसताना तो तसाच हलतो. "बघा, प्ले आहे" म्हणून कोणी टर्बो विकायला लागलं तर पुढे-मागे हलतो का ते बघा. ती हालचाल जाणवण्याइतकी असता कामा नये, आणि पातं घराला टेकता कामा नये. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा ओलावा दिसला तरी घाबरू नका, इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून) तेवढं येतंच. वाटीभर निघालं तर मात्र प्रश्न आहे.

आता मुख्य कारणांकडे. आपल्या भागात ती तीन-चारच असतात.

पहिलं, ऑइल. टर्बो पेट्रोलमध्ये एक्झॉस्ट ९०० अंशांच्या पुढे जातो आणि त्याच्या शेजारून ऑइल वाहतं. साध्या ग्रेडचं, बनावट किंवा मुदत संपलेलं ऑइल तिथे करपतं, टर्बोला ऑइल पोहोचवणारा बारीक फीड पाइप बुजतो, आणि मग टर्बोही जातो आणि चेनचा टेन्शनरही. सिलिंडरमध्ये थेट इंधन मारणाऱ्या टर्बो पेट्रोलला एपीआय एसपी (डब्यावर छापलेला अमेरिकी दर्जा) दर्जाचं ऑइल लागतं. २०२० साली आलेल्या या दर्जात कमी आरपीएमवर अवेळी होणारा स्फोट आणि टायमिंग चेनची झीज या दोन्हींची चाचणी आहे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या एसीईए सी-वर्गातलं (युरोपीय दर्जाचं) ऑइल. "डिझेलला कुठलंही १५डब्ल्यू-४० चालतं" हे ट्रॅक्टरच्या जमान्यातलं शहाणपण आहे, या इंजिनांना ते महागात पडतं.

दुसरं, धूळ. माण-खटावकडे रोज जाणं असेल, मुरमाच्या रस्त्याने शेतावर गाडी नेत असाल किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून सरकत असाल, तर मॅन्युअलमधलं "सिव्हिअर कंडिशन" असं लिहिलेलं वेळापत्रक तुमच्यासाठीच आहे. एअर फिल्टर त्या हिशोबाने बदला. कॉम्प्रेसरची हवा मारून तोच फिल्टर पुन्हापुन्हा बसवला की कागदाला सुईएवढी भोकं पडतात, आणि मग तो फिल्टर नसल्यातच जमा. फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली असणं हेही कारण पुरतं. फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये पांढऱ्या कागदाने पुसून बघा. बारीक माती आली तर उत्तर मिळालं.

तिसरं, डीपीएफ आणि जवळच्या फेऱ्या. बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० पासून, तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी जादा डिझेल जाळतो. गाडी रोज राजवाडा ते पोवई नाका एवढीच फिरत असेल तर ही सफाई दर वेळी अर्ध्यावर तुटते आणि न जळलेलं डिझेल लायनरवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर पातळी वर चढते आणि बेअरिंग झिजतात. अशी गाडी आठवड्यातून एकदा हायवेला काढून कराडच्या दिशेने वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालवा, थोडी वरच्या आरपीएमवर. सफाई चालू असताना गाडी बंद करू नका.

चौथं, घाट. यवतेश्वर किंवा पसरणी चढताना वरच्या गिअरमध्ये बाराशे आरपीएमवर अॅक्सिलरेटर तळाला दाबून "मायलेज वाचवणारे" खूप आहेत. टर्बो पेट्रोलमध्ये पिस्टन आणि रिंगा मोडणारा अवेळी स्फोट याच अवस्थेत होतो. गिअर खाली घ्या. चढून वर पोहोचल्यावर लगेच चावी फिरवू नका. शेवटचा एखादा किलोमीटर हळू न्या किंवा मिनिटभर आयडलला ठेवा. टर्बोतलं ऑइल फिरत राहतं आणि करपत नाही.

यातलं काहीच जुळत नसेल, ऑइल योग्य, फिल्टर नीट, नोंदी पूर्ण, आणि तरीही कॅम किंवा चेन गेली असेल, तर मूळ भागच सदोष असल्याची शक्यता उरते. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल आहे का ते बघा.

५. सर्व्हिस सेंटरला जॉब कार्ड लिहिताना

सल्लागार कार्डवर "जनरल चेकअप" किंवा "पिकअप कमी" असं लिहून मोकळा होतो. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसकट लिहायला लावा: "अमुक किलोमीटरला निळा धूर, ऑइलची पातळी मिनिममखाली, कोड पी०२९९, कारण शोधून लेखी द्यावे." खाली सही करण्याआधी वाचा. "ग्राहकाच्या मागणीनुसार टर्बो बदल" असं वाक्य सापडलं तर खोडायला सांगा. ते राहिलं तर वॉरंटीचा मुद्दा तिथेच संपतो.

माझ्या वेळी सेंटरने आधी टर्बोचं एस्टिमेट पुढे केलं आणि कारणाबद्दल "वेअर अँड टिअर" एवढंच तोंडी सांगितलं. ईमेलवर लेखी मागितल्यावर फीड पाइप आणि बँजो बोल्टची (त्या पाइपाच्या टोकाच्या पोकळ बोल्टची) जाळी तपासली गेली, आणि बुजलेली निघाली. सांगायचं एवढंच की ईमेल करा. फोनवरचं बोलणं झालं की लगेच "आपल्या आजच्या बोलण्यानुसार" अशी दोन ओळींची मेल टाका.

इंजिन उघडण्याची मंजुरी देण्याआधी दोन गोष्टी विचारा: उघडून बंद करण्याची मजुरी किती, आणि वॉरंटी नाकारली तर ती कोण भरणार. उघडताना हजर राहायची परवानगी मागा. तुम्ही पैसे भरून बदललेला भाग परत मागायचा हक्क तुमचा. वॉरंटीतला भाग कंपनीकडे जातो, त्यामुळे त्याचे फोटो आधीच काढून घ्या.

६. वॉरंटी आणि इन्शुरन्स

एक्स्टेंडेड वॉरंटीत बहुधा नैसर्गिक झीज वगळलेली असते, पण "सदोष भागामुळे झालेला बिघाड" वगळलेला नसतो. सगळी लढाई या दोन शब्दप्रयोगांमध्ये असते आणि तिथेच चौथ्या टप्प्यातलं कारण कामाला येतं. भाग खोलण्याआधी मंजुरी घेण्याची अटही बहुतेक पुस्तिकांत असते, म्हणून बाहेरच्या फिटरकडे आधी इंजिन उघडू नका. ऑइल खाण्याबद्दल काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काही तर एक लिटरपर्यंतही मर्यादेत धरतात. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा बघून ठेवा आणि सीलबंद मोजणीची मागणी करा: पातळी भरून सील करायची, ठरलेलं अंतर चालवायचं, मग परत मोजायचं.

गाडीच्या नेहमीच्या विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज बसत नाही. इंजिन प्रोटेक्टचं अॅड-ऑनही मुख्यतः पाणी शिरणं किंवा खालून मार लागून ऑइल गळणं यासाठी असतं. त्यात वेळ घालवू नका.

७. नाकारलं तर

नकार लेखी घ्या, कारणासकट. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल, डीलरला कॉपी, सोबत ऑइलचा अहवाल आणि सर्व्हिस हिस्ट्री. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत लिहा. पूर्ण नकाराऐवजी "सद्भावना" म्हणून भागाच्या किमतीत काही टक्के सूट पुढे येणं इथे नेहमीचं आहे. भाग कंपनीचा आणि मजुरी तुमची असा प्रस्ताव आला तर मी तरी गंभीरपणे विचार करेन.

तरीही जमलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि अनेक प्रकरणं इथेच हलतात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे गाडी पुण्यातून घेतली असली तरी साताऱ्यात चालतं. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. फी त्या रकमेवर: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. वकील सक्तीचा नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून काढलेला भाग भंगारात देऊ नका. कापडात गुंडाळून, तारीख लिहून ठेवा. गाडी व्यवसायासाठी घेतलेली असेल तर "ग्राहक" कोण यावर वाद होतो. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला कायद्यात सवलत आहे, पण तिथे मात्र वकिलाचा सल्ला घ्या.

८. दुरुस्ती करून घेताना

वॉरंटी नसेल तर नवा टर्बो किंवा रिकंडिशन केलेला हा प्रश्न येतो. पुणे-कोल्हापूरकडे रिकंडिशन करणारे आहेत. आतला कार्ट्रिज बॅलन्सिंग मशीनवर बॅलन्स केल्याचा कागद देत असतील तरच द्या, नुसतं "नवं किट टाकलंय" यावर जाऊ नका.

बसवताना पुढच्या गोष्टी तुमच्यासमोर झाल्या पाहिजेत. ऑइलचा फीड पाइप नवा, जुना साफ केलेला नको. परतीचा पाइप मोकळा. इंटरकूलर आणि होज यांतलं साठलेलं ऑइल धुऊन काढलेलं. ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवे. ऑइलच्या तोंडाशी गॅस्केटच लावायचं, सिलिकॉन सीलंट नाही. त्याचा तुकडा सुटून वाट बुजवतो. जुन्या टर्बोचं पातं तुटलं असेल तर तो तुकडा कुठे गेला हे सापडेपर्यंत नवा बसवू नका. शेवटी टर्बोत थोडं ऑइल सोडून, इंजिन सुरू न करता क्रँक देऊन (स्टार्टरने नुसतं फिरवून) प्रेशर येऊ द्यायचं, मग स्टार्ट, आणि काही मिनिटं नुसतं आयडल. घाईचा फिटर नेमकं हेच गाळतो.

चेनचं काम असेल तर चेनसोबत टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेटही बघायला सांगा. नुसती चेन बदलून वाचलेली मजुरी पुन्हा द्यावी लागते.

पाचशे किलोमीटर झाले की सगळे जोड, होजचे क्लॅम्प आणि डिपस्टिक पुन्हा तपासा. कंपनीने ऑइलबदल पंधरा हजारांवर सांगितला असला तरी घाट आणि धूळ रोजची असेल तर मी सात-आठ हजारांच्या पुढे जात नाही. पुढच्या ऑइलबदलाला दुसरा नमुना त्याच प्रयोगशाळेत पाठवा आणि लोह, शिसं, सिलिकॉन यांचे आकडे पहिल्या अहवालाशेजारी ठेवून बघा. आकडे उतरले नसतील तर पुन्हा चौथ्या टप्प्यावर या, आणि नव्या भागाच्या बिलावरची वॉरंटीची तारीख आधी तपासा.